बहात्तर नंबरचा खांब

गेथिन : रंग राहू द्या हो. खांबावरचा आकडा वाचा. लाकडात जाळून कोरलेला असतो, मधोमध.

सियान : बहात्तर! तीनदा सांगितलं तुम्हाला. सात आणि दोन, बहात्तर. ॲम्ब्युलन्सवाल्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, सायकलवाटांच्या केबिनवर फोन करा, तिथल्या माणसाला खांब अन् खांब पाठ आहे.

गेथिन : आहेच पाठ. बहात्तर म्हणजे काळी वाट, जुन्या खाणीचं टोक. ऑल्वेन, वायरलेसवर टेगिडला सांग. तो आज खाणीकडेच वाटेची डागडुजी करतोय. ॲम्ब्युलन्सला खाणीच्या फाटकातून वर घे म्हणावं.

ऑल्वेन : सांगते. टेगिड, ऐकतोयस का? बहात्तर. खाणीचं फाटक उघड आणि वर जाऊन बघ, एक माणूस पडलाय.

सियान : काळी नाही हो! आम्ही निळ्या वाटेवर आहोत. बाण निळा आहे.

गेथिन : हे बघा बाई... नाव काय तुमचं?

सियान : सियान.

गेथिन : सियानबाई, एकवीस वर्षं मी या टेकड्यांवर वाटा बांधतोय. हिरवी पोराटोरांची, निळी शिकाऊंची, लाल सरावलेल्यांची आणि काळी ज्यांना हाडांची पर्वा नाही त्यांची. दर रविवारी कोणीतरी तिठ्यावर वळण चुकतं, काळीवर जाऊन आदळतं आणि मलाच सांगतं, आम्ही निळीवर होतो. पाऊस पडला, शेवाळ चढलं, की रंग फसवतो. आकडा फसवत नाही. तो खांब मी स्वतःच्या हाताने रोवलाय.

सियान : म्हणजे मला निळा रंग कळत नाही?

ऑल्वेन : गेथिन, नीट बोल जरा. तिचा माणूस पडलाय तिथे. सियान, बाळ, फोन स्पीकरवर आहे, मी पण ऐकतेय. मी ऑल्वेन, याची मोठी बहीण. इथे चहाचं बघते, पण त्याआधी तीस वर्षं इस्पितळात होते. मला सांग, तो शुद्धीवर आहे ना?

सियान : आहे. ह्यू, अरे डोळे उघड. हो, आहे. मुळावरून पुढचं चाक घसरलं आणि हँडलचं टोक पोटावर बसलं. रक्त कुठेच नाही. नाण्याएवढा गोल वळ उठलाय, बास. आधी हसत होता. म्हणाला, पोस्टातला शिक्का बसला पोटावर. आता हसत नाहीये.

ऑल्वेन : पोटावर हात ठेव. मऊ लागतं की कडक?

सियान : कडक. फळीसारखं.

ऑल्वेन : आणखी कुठे दुखतंय म्हणतो?

सियान : डावा खांदा. पण खांद्यावर पडलाच नव्हता तो.

ऑल्वेन : बरं. पाणी मागेल, देऊ नकोस. घोटभरसुद्धा नाही. पाय तुमच्या सॅकवर उचलून ठेव आणि अंगावर असेल नसेल ते घाल. पडून किती वेळ झाला?

सियान : अर्धा तास. ह्यूचा चांगला फोन पडून फुटला. हा माझा जुना बटणांचा. रेंज मिळेपर्यंत वेळ गेला.

ऑल्वेन : असू दे. बोलत राहा त्याच्याशी, मी आलेच. गेथिन, फोनवर हात ठेव. ठेव म्हणते ना! ऐक. त्याची प्लीहा फुटलीय. आतल्या आत रक्त जातंय. लवकर ऑपरेशनच्या टेबलावर गेला नाही तर जाईल तो.

गेथिन : हेलिकॉप्टर?

ऑल्वेन : खिडकीतून बघ की. ढग टेकडीच्या खांद्यावर उतरलेत, कोण उडवणार? ॲम्ब्युलन्सच काय ती.

गेथिन : ती फाटकातून आत शिरली असेल आता. पोचतील. पाच मिनिटं.

सियान : हॅलो? हॅलो, गेलात का तुम्ही?

गेथिन : इथेच आहे, इथेच आहे. पाच मिनिटांत माणसं येतायत. टेगिड नाव आहे, लाल दाढीवाला. तुम्हाला गाडीचा आवाज येईल.

सियान : कुठून?

गेथिन : वरून. उजवीकडून.

सियान : उजवीकडे नुसती झाडं आहेत. दाट. आणि डावीकडे खाली ओढा वाहतोय. गाडीबिडी काही ऐकू येत नाही. मेंढ्या ओरडतायत फक्त.

ऑल्वेन : गेथिन. खाणीकडे कसल्या मेंढ्या?

गेथिन : मेरिगच्या असतील. कुंपण नीट बांधेल तर तो मेरिग कसला. निम्मा तालुका चरून येतात त्याच्या मेंढ्या.

ऑल्वेन : मार्चमध्ये? विणीचे दिवस आहेत. सगळ्या खालच्या कुरणात असतात.

गेथिन : एखादी सुटली असेल! सियानबाई, तुम्ही ओढ्याच्या बाजूने बघा...

सियान : माझ्याशी असं लहान मुलीसारखं बोलू नका. आम्ही सकाळी हिरवी वाट दोनदा केली. तो म्हणत होता, आज एवढं पुरे, घरी जाऊ. मीच म्हटलं, निळी करून बघू. नकाशा मी धरला होता. प्रत्येक वळणावर मी बाण बघितलाय. निळा, निळा, निळा. तुम्ही मला सांगू नका मी कुठे आहे.

ऑल्वेन : थांबा, टेगिड बोलतोय. हां टेगिड. काय? नीट बघितलंस का? खाली ओरडून बघितलंस? बरं. बरं, तिथेच थांब.

गेथिन : काय म्हणतो?

ऑल्वेन : बहात्तरला हात लावून उभा आहे तो. कोणी नाही तिथे. सायकल नाही, घसरल्याची खूण नाही. आणि ॲम्ब्युलन्स त्याच्या मागोमाग वर चढतेय.

गेथिन : खांब बहात्तरच आहे ना? बघ म्हणावं.

ऑल्वेन : वाचता येतं रे त्याला!

सियान : कोणी आलं नाहीये इथे. का येत नाहीये कोणी?

गेथिन : एक मिनिट. तुमच्या डोक्यावर काय आहे? आभाळ दिसतं?

सियान : झाडं म्हटलं ना मी. आभाळ कुठलं? अंधारून आल्यासारखं आहे सगळं.

गेथिन : खाणीकडची झाडं तर गेल्या शरदात...

ऑल्वेन : तोडली. सगळी. काडी उभी नाही तिथे. तूच महिनाभर रडत होतास.

सियान : ऐका, ह्यू काहीतरी म्हणतोय. काय रे? बोल. तो म्हणतोय, याच्या आधीचा खांब अठरा होता. तिथे बसून आम्ही मनुकांचा पाव खाल्ला. मला आकडा आठवत नव्हता, पण बसलो होतो खरं. त्याला आठवतोय. अठरा, म्हणतोय.

गेथिन : अठरा.

सियान : अठरानंतर बहात्तर येतो का तुमच्यात? हॅलो? अहो, बोला ना!

ऑल्वेन : गेथिन, तोंड का पांढरं पडलं तुझं?

गेथिन : सियान, तुझ्याकडे किल्ली आहे? घराची, गाडीची, कसलीही?

सियान : आहे.

गेथिन : खांबापाशी जा. बाणावरचा रंग खरवड. जोरात.

सियान : त्याला सोडून?

गेथिन : चार पावलं फक्त. जा पोरी, हात जोडतो.

सियान : ह्यू, इथेच आहे हं मी. खरवडतेय. निघतोय रंग. निळ्याच्या खाली...

गेथिन : काळा.

सियान : काळा आहे. हे काय आहे? खाली काळा का आहे?

गेथिन : देवा रे.

ऑल्वेन : काय केलंस तू?

गेथिन : दोन आहेत. डोंगरावर दोन बहात्तर आहेत, ऑल्वेन. झाडं तोडल्यावर काळीचे खांब नवे घातले. जुना बहात्तर चांगल्या ओकच्या लाकडाचा होता, टाकवेना, म्हणून शेडमध्ये ठेवला. फेब्रुवारीच्या वादळात निळीवरचा एकोणीस मोडला. मंगळवारी कामाला येणारी आपली सगळी स्वयंसेवक मंडळी फावडी घेऊन उभी, पाऊस कोसळतोय, तू चहा आणलेला. मी म्हटलं, तात्पुरता हाच लावू. बाणावर निळा फासला. आकडा पुढच्या मंगळवारी तासून टाकू म्हटलं.

ऑल्वेन : आणि पुढच्या मंगळवारी?

गेथिन : विसरलो. महिनाअखेरीला तपासणीच्या कागदावर सही केली. सगळे खांब जागेवर, सगळे आकडे बरोबर. घरी बसून केली, चुलीपाशी. मला पाठ आहेत ना सगळे.

सियान : तुम्ही काय बोलताय? मला ऐकू येतंय सगळं.

गेथिन : सियान, तू निळीवर आहेस. तू पहिल्यापासून बरोबर होतीस. एकोणीसच्या जागी आहेस. मी ॲम्ब्युलन्स डोंगराच्या भलत्या बाजूला पाठवली.

सियान : मग वळवा ना तिला! वळवा!

गेथिन : ऑल्वेन, टेगिडला सांग.

ऑल्वेन : सांगितलं. तो म्हणतो, खाणीचा रस्ता एका गाडीपुरता आहे, वळायला माथ्यावरच जावं लागतं. मग खाली उतरून नदीकडून फेरा. चाळीस मिनिटं.

गेथिन : मेरिगच्या कुरणातून आली तर वीस. थेट ओढ्यापाशी निघते.

ऑल्वेन : त्याच्या विणीच्या कुरणातून? अकरा वर्षं तू त्याच्याशी बोललेला नाहीस. वाट कुंपणाला खेटून नेलीस म्हणून त्याने तुला गावच्या सभेत चोर म्हटलं, आणि तू त्याला काय म्हटलंस ते मी या तोंडाने सांगणार नाही.

गेथिन : तू बोल. पाया पडते म्हण, मी पडतो म्हण, काय हवं ते म्हण. फाटक उघडून मेंढ्या बाजूला घे म्हणावं. माझी सायकल कुठेय?

ऑल्वेन : तू कुठे निघालास? गुडघा बघ आधी स्वतःचा.

गेथिन : निळीच्या शेवटाकडून उलटा चढतो. पंधरा मिनिटं. टेगिडलाही डोंगर ओलांडून यायला अर्धा तास आहे. घोंगड्या दे, आणि तो छोटा वायरलेस.

ऑल्वेन : उलटा? या वाटांवर उलटं जाणाऱ्याला तूच हाकलून देतोस. समोरून कोणी आलं तर?

गेथिन : तर ओरडेन. दे लवकर.

ऑल्वेन : घे. गेथिन... जा. मी फोनवर आहे.

सियान : ऑल्वेन? तुम्ही आहात ना?

ऑल्वेन : आहे गं. दुसऱ्या कानाला दुसरा फोन आहे, मेरिगला लावतेय. क्षणभर थांब. मेरिग, ऑल्वेन बोलतेय. नाही, नाही, भांडायला नाही. माणूस मरतोय निळीवर. तुझ्या कुरणातून ॲम्ब्युलन्स जायला हवी. हो, आत्ता. मला माहीत आहे रे, पिल्लं अंगाखाली आहेत. ठेवला. फोन ठेवला त्याने.

सियान : नाही म्हणाला?

ऑल्वेन : काहीच म्हणाला नाही. थांब, खिडकीतून दिसतंय त्याचं घर. बाहेर आला. कुत्री सोडली त्याने. फाटकाकडे पळतोय! मोज्यांवर पळतोय, बूटसुद्धा घातले नाहीत येड्याने. टेगिड, तूही गाडीत बस, मेरिगच्या कुरणातून आण त्यांना! येतील गं आता, येतील.

सियान : ह्यू बोलत नाहीये.

ऑल्वेन : श्वास?

सियान : चालू आहे. भराभरा, वरच्या वर. ओठ पांढरे झालेत. मी विचारलं, आपल्या दाराचा रंग कोणता, तर नुसता बघत राहिला. गेल्याच महिन्यात आम्ही दोघांनी मिळून रंगवलं ते दार. काय करू मी? मला सांगा ना काहीतरी करायला.

ऑल्वेन : त्याच्या पाठीला चिकटून झोप. खरंच झोप, चिखलात. तुझी ऊब त्याला जाऊ दे. आणि बोल. काहीही बोल, ऐकू येतं त्यांना. शेवटपर्यंत... म्हणजे, ऐकू येतं.

सियान : शेवटपर्यंत म्हणालात तुम्ही.

ऑल्वेन : म्हणाले. खोटं नाही बोलणार तुझ्याशी. आज इथून तुला पुरेसं खोटं ऐकवून झालंय.

सियान : मीच म्हटलं होतं निळी करू.

ऑल्वेन : निळी तुमच्यासाठीच आहे. तुमच्यासारख्यांसाठीच बांधलीय. यात तुझं काही चुकलेलं नाही, नखाएवढंसुद्धा नाही. ऐकलंस?

सियान : मग चुकलं कोणाचं? खांब कोणी लावला हा?

ऑल्वेन : तो येतोय तुझ्याकडे. तोच सांगेल.

सियान : खालून कोणीतरी ओरडतंय.

ऑल्वेन : काय ओरडतंय?

सियान : "बाजूला व्हा" म्हणून ओरडतंय. कोणाला म्हणतोय? इथे कोणीच नाहीये.

ऑल्वेन : तोच आहे. फोन खाली ठेव आणि हात हलव.

(निळी वाट, अठरा आणि वीसच्या मधलं वळण. गेथिनच्या कोपरातून रक्त येतंय. सायकल त्याने ओढ्याकडे टाकून दिली आहे.)

गेथिन : घोंगडी घे. ही खालून सरकव, ही वरून. दोन आहेत.

सियान : तुम्ही पडलात?

गेथिन : दोनदा. राहू दे ते. नाडी... आहे. बारीक आहे, पण आहे. ह्यू! ह्यू, मला ऐकू येतंय का?

सियान : तुम्हीच ना ते? फोनवरचे?

गेथिन : हो. गेथिन. सियान, तो खांब...

सियान : तुम्ही लावलात.

गेथिन : मी लावला. आणि तू सांगत होतीस तेव्हा ऐकलं नाही. समोरचं माणूस सांगत असतं की निळी आहे, आणि मी... वाटा आम्ही तुमच्यासाठी बांधतो आणि तुम्हालाच गाढव समजतो. मी सगळ्यांसमोर सांगेन हे. कागदावर लिहून देईन. याला काही झालं तर...

सियान : नंतर. ते सगळं नंतर सांगा ज्याला सांगायचं त्याला. तुमचे हात गरम आहेत का?

गेथिन : चढून आलो, आहेत.

सियान : मग त्याचा तो हात धरा. दोन्ही हातांत धरा. मी दोन्हीकडे पुरत नाहीये.

गेथिन : धरला. किती गार पडलाय गं.

सियान : गाडी येतेय. येतेय ना? की मला भास होतोय?

गेथिन : येतेय. मेरिगच्या कुरणात आहे. कुत्री भुंकतायत बघ. थांब, वायरलेस. बोल टेगिड. हो, पोचलोय मी. काय? गाडीतली माणसं विचारतायत, ओढ्यावरून वर यायचं तर कुठल्या खांबाशी?

सियान : सांगा ना त्यांना.

गेथिन : टेगिड, त्यांना सांग, खांब बघू नका. आकडा बघू नका. मी ओरडत राहतो, आवाजावर या. इकडे! इकडे या! ओढ्याच्या वर! इकडे!

सियान : परत.

गेथिन : त्यांनी ऐकलं बहुतेक, दिवे हलले.

सियान : थांबू नका, ओरडा. तुम्ही ओरडलात की तो माझं बोट दाबतोय.